नराचे सान्निध्य आणि मादीचा माज : एका संकल्पनेची चिकित्सा

१

पशुप्रजननविषयक वाङ्मयात 'नर-प्रभाव' ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. मादीच्या सहवासात प्रौढ नर आणला असता तिचे वयात येणे, तिचे अंडमोचन आणि तिचा माज ह्यांवर परिणाम होतो, हा तिचा आशय. मेंढीच्या संदर्भात तिला मेंढा-प्रभाव, शेळीच्या संदर्भात बोकड-प्रभाव आणि डुकराच्या संदर्भात वराह-प्रभाव म्हणतात. ह्यांपैकी वराह-प्रभावाचा अभ्यास विशेष काटेकोरपणे झालेला असल्यामुळे इतर जनावरांविषयी बोलतानाही त्याचा दाखला वारंवार दिला जातो.

संज्ञा रुळली म्हणजे तिच्या पोटातील अर्थही निश्चित झाला, असे मात्र होत नाही. 'नर-प्रभाव' ह्या एका नावाखाली दोन वेगळ्या घटना एकत्र बांधल्या गेल्या आहेत. नराच्या सान्निध्याने मादीला माज येणे ही एक घटना होय. आलेला माज नराच्या सान्निध्याने दृष्टीस पडणे ही दुसरी. पहिलीत मादीच्या अंडाशयात बदल घडतो. दुसरीत अंडाशयाचे कार्य आधीच चालू असते. बदल होतो तो मादीच्या वर्तनात आणि पाहणाऱ्याच्या ज्ञानात. प्रयोगशाळेत ह्या दोहोंची गल्लत झाली तर एखादा निष्कर्ष सदोष ठरतो, एवढेच. परंतु बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ज्या कुटुंबाचा निर्वाह चार शेळ्यांवर चालतो, त्याच्या दारात हीच गल्लत झाली तर एका रोगावर दुसऱ्याच रोगाचे औषध दिले जाते. म्हणून ह्या संकल्पनेची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

२

ह्या अभ्यासाचा आरंभ डुकरापासून झालेला नाही. १९४४ साली अंडरवुड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांविषयी जे निरीक्षण प्रसिद्ध केले, ते ह्या विषयाचे उगमस्थान मानले जाते. कळपात मेंढे सोडल्यानंतर मेंढ्यांचे फळणे सर्व दिवसांवर सारखे विखुरलेले नसते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याची गर्दी होते, असे त्यांना आढळले. त्याची उपपत्ती पुढे लागली. मेंढा आल्यावर दोनतीन दिवसांतच पुष्कळ मेंढ्यांत अंडमोचन होते. परंतु ह्या पहिल्या अंडमोचनाबरोबर माजाची बाह्य लक्षणे प्रकट होत नाहीत. पुढचे चक्र पूर्ण झाल्यावरच माज उघड दिसतो. काही मेंढ्यांत मध्येच पाचसहा दिवसांचे एक आखूड चक्र होऊन जाते आणि उघड माज आणखी लांबतो.

ह्या पहिल्याच उदाहरणात वर सांगितलेला भेद स्पष्टपणे उपस्थित आहे. मेंढ्याने अंडमोचन घडविले, पण माज दाखविला नाही. एकीकडे कार्य झाले आणि दुसरीकडे त्याची खूण उमटली नाही. अंडरवुड ह्यांच्या काळी रक्तातील हॉर्मोनचे मापन उपलब्ध नव्हते. म्हणून त्यांना केवळ खुणेवरून कार्याचे अनुमान करावे लागले. त्यांचे अनुमान बरोबर ठरले, ह्याचे श्रेय त्यांच्या चिकाटीला आहे. पद्धतीतील अडचण मात्र त्यामुळे नाहीशी झाली नाही.

१९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर ह्यांनी 'फेरोमोन' हा शब्द रूढ केला. एका प्राण्याने बाहेर टाकलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात ठराविक प्रतिक्रिया घडविणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. त्यानंतर लवकरच ह्या पदार्थांचे दोन वर्ग पाडण्यात आले. तात्काळ वर्तन घडविणारे ते एका वर्गात, आणि शरीरव्यापारात सावकाश बदल घडवून आणणारे ते दुसऱ्या वर्गात. पहिल्यांना 'उद्दीपक' व दुसऱ्यांना 'पूर्वसाधक' म्हणता येईल. हा भेद साठ वर्षांहून अधिक काळ सर्वमान्य आहे. तथापि 'नर-प्रभाव' ह्या संज्ञेने तो आपल्या पोटात गिळून टाकला आहे.

३

डुकरांवरील संशोधनात ह्या दोन्ही बाजूंचा भरपूर पुरावा आहे, आणि म्हणूनच तेथे गल्लतीलाही भरपूर वाव आहे.

प्रथम वर्तनाची बाजू घेऊ. माजावर आलेली डुकरीण पाठीवर दाब पडताच ताठ, निश्चल उभी राहते. फ्रान्समध्ये सिन्योरे ह्यांनी ह्या प्रतिक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. नर जवळ नसताना माणसाने पाठ दाबली तर माजावर असलेल्या माद्यांपैकी सुमारे ६० टक्केच उभ्या राहतात. नराचा गंध आणि आवाज पोहोचला की हे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवर जाते. नर दिसू लागला की सुमारे ९७ टक्क्यांवर. उरलेल्या माद्यांना प्रत्यक्ष स्पर्श लागतो. १९६८ साली पॅटरसन ह्यांनी वराहाच्या विशिष्ट वासामागील अँड्रोस्टेनोन हा पदार्थ ओळखला. त्याच्या वर्गातील द्रव्ये वराहाच्या जबड्याखालील लाळग्रंथीत साठतात आणि उत्तेजित वराहाच्या तोंडाला येणाऱ्या फेसातून हवेत पसरतात. पुढे ह्या द्रव्याचा फवारा तयार करून तो कृत्रिम रेतनाच्या वेळी माज ओळखण्यासाठी वापरात आला. हे सर्व कार्य उद्दीपकाचे होय. मादी माजावर होतीच; फवाऱ्याने तिला तसे सांगावयास लावले.

आता शरीरव्यापाराची बाजू. १९६२ साली द्यु मेनिल द्यु ब्विसाँ आणि सिन्योरे ह्यांनी, तर १९७० साली ब्रुक्स व कोल ह्यांनी, तरुण डुकरिणींच्या सहवासात वराह आणला असता त्या लवकर वयात येतात असे दाखविले. नंतरच्या प्रयोगांतून ह्या परिणामाच्या अटी एकेक करून स्पष्ट झाल्या. मादीचे वय सुमारे १६० दिवसांच्या आसपास असेल तेव्हा प्रतिसाद चांगला मिळतो. नर त्याहून पुष्कळ आधी आणला, किंवा माद्या नराच्या शेजारीच वाढल्या, तर त्यांना त्याची सवय होते आणि अपेक्षित परिणाम क्षीण होतो. कुंपणापलीकडच्या नरापेक्षा प्रत्यक्ष संपर्कातील नर अधिक परिणामकारक ठरतो. १९८१ साली कर्कवुड आणि ह्यूज ह्यांनी नराच्या वयाची परीक्षा केली, तेव्हा साडेसहा महिन्यांचे नर निरुपयोगी ठरले आणि अकरा महिन्यांचे व दोन वर्षांचे उपयोगी ठरले. त्याच सुमारास मादीच्या मेंदूतील गंधखंड काढून टाकला तर वराहाचा परिणामही नाहीसा होतो, असे दिसून आले. परंतु केवळ गंधद्रव्याचा फवारा जिवंत वराहाची जागा घेऊ शकला नाही. गंध आवश्यक आहे, पण तो एकटा पुरेसा नाही, हा ह्या सर्व प्रयोगांचा मथितार्थ होय.

४

ह्या प्रयोगांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही त्यांच्या रचनेत एक पेच आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

तरुण डुकरीण वयात आली हे ठरवावयाचे कशावरून? रूढ उत्तर असे की, ती पहिल्यांदा माजावर आली त्या दिवसावरून. ती माजावर आली हे ठरवावयाचे कशावरून? नरापुढे ती निश्चल उभी राहते त्यावरून. म्हणजे ज्या नराचा परिणाम मोजावयाचा, तोच नर मोजमापाचेही साधन झाला. ज्या गटात नर ठेवलेला नाही, तेथेही माज तपासण्यासाठी रोज नर नेला, तर तो गट नरविरहित राहत नाही. नर नेला नाही, तर सिन्योरे ह्यांच्याच आकड्यांनुसार माजावर आलेल्या दहा माद्यांपैकी सुमारे चार हातून निसटतात आणि त्या 'अजून वयात न आलेल्या' म्हणून नोंदल्या जातात. पहिल्या रीतीने नराचा परिणाम असतो त्याहून लहान दिसतो. दुसऱ्या रीतीने असतो त्याहून मोठा. ज्या तराजूत वजन करावयाचे, त्याच तराजूचे पारडे वजन म्हणून टाकण्यासारखा हा प्रकार आहे.

ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग आहे. अंडमोचनानंतर अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि रक्तातील प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण वाढते. त्याचे मापन केले, किंवा अंडाशयाचे प्रत्यक्ष परीक्षण केले, म्हणजे नराच्या साक्षीची गरज उरत नाही. जेथे अशी स्वतंत्र साक्ष घेतली गेली, तेथेही वराहाचा परिणाम टिकून राहिला. म्हणून वराह-प्रभाव हा केवळ मापनाचा आभास आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण एखाद्या प्रयोगात दिसलेल्या अंतरापैकी किती भाग अंडाशयाचा आणि किती दृष्टीचा, हे अशा साक्षीवाचून सांगता येत नाही. कोणताही निबंध वाचताना विद्यार्थ्याने निष्कर्षाआधी हा प्रश्न विचारावा.

दुसरा आक्षेप सहचारी कारणांविषयीचा आहे. तरुण डुकरिणींना एका जागेहून दुसऱ्या जागी हलविले, अनोळखी माद्यांत मिसळले, तरी त्यांतील काही लवकर माजावर येतात, हे अनुभवसिद्ध आहे. नराची भेट घडविण्यासाठी मादीला तिच्या कोंडवाड्यातून बाहेर काढून नराच्या कोंडवाड्यात नेले, तर परिणाम नराचा की स्थलांतराचा? तुलनेच्या गटालाही तेवढेच हलविल्याखेरीज ह्याचे उत्तर मिळत नाही.

तिसरा आक्षेप नावाविषयीचा. 'वराह-प्रभाव' म्हटल्याने सर्व कर्तृत्व नराकडे जाते आणि मादी ही केवळ परिणाम झेलणारी ठरते. प्रयोगांची साक्ष निराळी आहे. तोच नर एका वयाच्या मादीत परिणाम घडवितो आणि दुसऱ्या वयाच्या मादीत घडवीत नाही; परिचित असेल तर निष्फळ ठरतो, नवा असेल तर सफल होतो. म्हणजे निर्णायक घटक मादीची पूर्वतयारी आणि तिचा पूर्वानुभव हे आहेत. शेतकऱ्याची मराठी ह्या बाबतीत अधिक अचूक आहे. 'शेळी माजावर आली' ह्या वाक्याची कर्ती शेळी आहे. बोकड त्यात नाही. प्रयोगांत बदलले गेले ते नराचे घटक आणि मोजले गेले ते मादीचे. त्यामुळे जे बदलले त्याचेच नाव घटनेला मिळाले. हा प्रयोगरचनेचा परिणाम आहे. निसर्गाचा निर्वाळा नव्हे.

५

एका प्राण्यावरून दुसऱ्या प्राण्याविषयी बोलताना किती सावध असावे लागते, हे शरीररचनेच्या एका उदाहरणावरून दिसेल. उंदराच्या मादीवर नराच्या गंधाचे जे परिणाम १९५६ साली व्हिटन ह्यांनी आणि १९५९ साली ब्रूस ह्यांनी दाखविले, त्यांत नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाचे महत्त्व मोठे ठरले. त्यावरून सर्व सस्तन प्राण्यांत फेरोमोनचा मार्ग हाच, असे गृहीत धरले गेले. १९९७ साली डॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरिणीतील ह्या इंद्रियाकडे जाणारा मार्ग बंद केला. तरीही अँड्रोस्टेनोनला ती पूर्वीप्रमाणेच प्रतिसाद देत राहिली. मेंढीतही मुख्य गंधेंद्रियाचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. उंदराचा मार्ग डुकराचा नव्हे, आणि त्याच न्यायाने डुकराचा मार्ग शेळीचा असेलच असे नाही.

शेळीविषयी स्वतंत्र पुरावा आता हाती आहे. १९६० साली शेल्टन ह्यांनी अंगोरा शेळ्यांत बोकडाच्या सान्निध्याचा परिणाम नोंदविला. २०१४ साली मुराता व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी बोकडाच्या गंधातील चार-एथिलऑक्टॅनाल हा पदार्थ शेळीच्या मेंदूतील प्रजननाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्राला चालना देतो असे दाखविले. हा पदार्थ पूर्वसाधक वर्गातला होय. खच्ची केलेल्या बोकडात तो आढळत नाही. मेंदूच्या ह्या केंद्राकडून आलेल्या संदेशाने पोष ग्रंथीतील ल्युटिनायझिंग हॉर्मोनची स्पंदने जलद होतात, अंडाशयातील पुटके वाढतात आणि अखेर अंडमोचन होते. डुकरात प्रसिद्धीस आलेले द्रव्य मुख्यतः वर्तनाचे उद्दीपक, आणि शेळीत हाती आलेले द्रव्य शरीरव्यापाराचे पूर्वसाधक. दोघांनाही 'नराचा वास' ह्या एकाच शब्दाने संबोधणे सोयीचे आहे, शास्त्रीय नाही.

६

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुके. दक्षिणेस नीरा, इंदापूरच्या उत्तर-पूर्वेस भीमा आणि उजनीचा जलाशय. नीरा डाव्या कालव्याखालचा ऊसपट्टा एकीकडे आणि सुपे-मोरगावकडील जिरायत माळ दुसरीकडे, अशी ह्या प्रदेशाची दोन रूपे आहेत. बागायतीत दावणीच्या संकरित गाई व म्हशी, माळावर धनगरांच्या दख्खनी मेंढ्या, आणि दोन्हीकडे भूमिहीन व अल्पभूधारक घरांच्या दारात शेळ्या. नर-सान्निध्याच्या अभ्यासासाठी इतकी विविध परिस्थिती जवळजवळ सापडणे सुदैवाचेच म्हणावे लागेल.

डुक्कर मात्र ह्या चित्रात कडेला आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर, मेंढ्या पंचवीस लाखांच्या वर आणि डुकरे दोन लाखांच्या आत भरली. कैकाडी, वडार ह्यांसारख्या जमातींकडे डुक्करपालन परंपरेने आले आणि त्याबरोबर समाजाची अवहेलनाही आली. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यात जन्मलेल्या लक्ष्मण माने ह्यांच्या 'उपरा' (१९८०) ह्या आत्मकथनातून कैकाडी समाजाच्या जिण्याची ओळख मराठी वाचकाला झाली. भीमेपलीकडच्या करमाळा तालुक्यातील नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री' (२०१३) ह्या चित्रपटाला तर कैकाडी बोलीतील डुकराचेच नाव आहे. मराठी साहित्याने व चित्रपटाने ह्या प्राण्याकडे पाहिले तितकेही मराठी पशुविज्ञानाने पाहिलेले नाही. वस्तीभोवती मोकळ्या फिरणाऱ्या गावठी डुकरांत नर व माद्या एकत्र वाढतात. त्यांच्या वयात येण्यावर नव्या नराचा परिणाम कितपत होतो, हा प्रश्न परदेशी बंदिस्त कोंडवाड्यातील आकड्यांनी सुटणारा नाही. अवहेलनेने अभ्यासाचा एक विषय झाकून ठेवला आहे, हे विद्यापीठीय संशोधनाने मान्य करावयास हवे.

मेंढीच्या बाबतीत पहिला विचार अक्षांशाचा. अंडरवुड ह्यांच्या मेंढ्या सुमारे ३२ अंश दक्षिण अक्षांशाच्या परिसरातल्या. तेथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत सुमारे चार तासांचा फरक पडतो. बारामती सुमारे १८ अंश उत्तरेस आहे. येथे तो फरक सुमारे दोन तासांचा. दिवस लांबल्याने मेंढीचे अंडाशय दीर्घकाळ निष्क्रिय होणे हे समशीतोष्ण कटिबंधाचे वैशिष्ट्य आहे. मेंढा-प्रभाव सर्वांत ठळक दिसतो तो अशा निष्क्रिय अंडाशयांवर. उष्ण कटिबंधात माजाचा खंड पडतो तो मुख्यतः चाऱ्याच्या तुटवड्याने, उन्हाळ्याच्या ताणाने आणि विण्यानंतरच्या कृशतेने. उपाशी मेंढीपुढे नवा मेंढा आणून उभा केला म्हणून तिचे अंडाशय जागे होईल, अशी अपेक्षा धरणे अयोग्य होय.

दुसरा विचार व्यवस्थेचा. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या सुमारास परत देशावर येतात. ज्या कळपात मेंढा वर्षभर मेंढ्यांबरोबर हिंडतो, तेथे माज हुकण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. मेंढीच्या माजाची बाह्य लक्षणे माणसाला फारशी दिसत नसली तरी मेंढ्याला ती कळतात. परंतु तेथे मेंढा नवा राहत नाही, आणि नवखेपणावर अवलंबून असलेला पूर्वसाधक परिणाम मिळण्याची शक्यता कमी होते. म्हणजे दृष्टीचा लाभ पूर्ण आणि चालनेचा लाभ अपुरा. वाटचालीत दोन वाडे एकत्र आले, नवा मेंढा कळपात शिरला, तर त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात फळणाऱ्या मेंढ्यांची संख्या वाढते काय, हा प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाला पुरेसा आहे. आणि त्याचे उत्तर देणारी स्मरणशक्ती वाड्यातील वृद्ध धनगरांपाशी असण्याचा संभव आहे.

७

शेळीची अवस्था ह्याच्या नेमकी उलट होऊ शकते. तीनचार शेळ्यांच्या घराला बोकड पोसणे परवडत नाही. करडातला नर वजन धरू लागला की तो बाजाराची वाट धरतो, आणि बकरी ईदच्या सुमारास तर चांगला वाढलेला बोकड दारात टिकत नाही. मागे राहतात ती लहान करडे. वराहाविषयीचा वयाचा निष्कर्ष शेळीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी पक्व व कामोत्तेजित नराचाच परिणाम पडतो, एवढे शेळ्यांवरील प्रयोगांतूनही दिसले आहे. वस्तीत बोकड आहे, पण तो कोवळा आहे, ही स्थिती नर नसण्याच्या जवळची मानावी लागेल. शिवाय असा कोवळा नर आपल्या आईला व बहिणींना फळवितो, ही हानी वेगळीच.

ह्या अडचणीवर कृत्रिम रेतन हा उपाय सुचविला जातो, आणि तो योग्यही आहे. पुणे जिल्ह्याला ह्या तंत्राची ओळख जुनी आहे. उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने गोठविलेले रेत गाईच्या दारापर्यंत नेले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळी देणारे जनुक आणले आणि शेळ्यांतही सुधारित नरांचे रेत उपलब्ध करून दिले. परंतु कृत्रिम रेतनाच्या विचारामागे एक गृहीत आहे: नर म्हणजे रेत. रेत नळीत आले की नराची गरज संपली. डुकरांवरील साऱ्या संशोधनाने हे गृहीत खोटे ठरविले आहे. ज्या देशांत डुकरांचे प्रजनन जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम रेतनाने होते, तेथेही रेतनाच्या वेळी मादीच्या नाकासमोर वराह उभा करतात. त्याचे रेत वापरावयाचे नसते. त्याचे सान्निध्य वापरावयाचे असते.

हे गृहीत सर्व जनावरांत सारखेच महाग पडत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. माजावरची गाय दुसऱ्या गाईवर चढते, दुसरीला आपल्यावर चढू देते. म्हणून वळू नसतानाही गाईचा माज सहसा उघड होतो. गाईच्या कृत्रिम रेतनाला जे यश आले, त्यात ह्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. म्हशींत हे वर्तन विरळ. म्हणून 'मुका माज' ही तक्रार म्हशीच्या बाबतीत अधिक. शेळी शेपूट हलविते, ओरडते, पण बोकड जवळ असताना ही लक्षणे जितकी ठळक होतात तितकी एरवी होत नाहीत. मेंढी तर मेंढ्यावाचून जवळजवळ मुकीच. गाईवर यशस्वी झालेली पद्धत ह्या क्रमाने खाली उतरत जाते, तसतसे नराच्या अनुपस्थितीचे मोल वाढत जाते.

ते मोल दिवसांत मोजता येते. दोन वर्षांत तीन वेत मिळावयाचे तर दोन विण्यांत २४० दिवसांचे अंतर हवे. गाभणकाळाचे १५० दिवस वजा जाता ९० दिवस उरतात. ह्या मुदतीत विण्याने झालेली झीज भरून निघून शेळी पुन्हा फळावयास हवी. एक माज हुकला की २१ दिवस गेले. म्हणजे मोकळ्या मुदतीतील जवळजवळ चौथा हिस्सा. दोन माज हुकले की तिसऱ्या वेताची आशा सोडावी लागते. ज्या घरात शेळी ही वेळप्रसंगी मोडावयाची ठेव असते, तेथे हा हिशेब केवळ कागदावरचा राहत नाही.

८

आता प्रारंभीच्या भेदाचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट होईल. 'शेळी माजावर येत नाही' अशी तक्रार घेऊन मालकीण दवाखान्यात येते. ह्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. अंडाशय निष्क्रिय आहे, हा एक; अंडाशय चालू आहे पण माज कोणाच्या ध्यानात आलेला नाही, हा दुसरा. पहिल्यात आहार, जंतनाशन, विश्रांती आणि त्यानंतर नव्या प्रौढ बोकडाचे सान्निध्य हा क्रम योग्य. दुसऱ्यात हॉर्मोनची सुई व्यर्थ. तेथे रोज थोडा वेळ नसबंदी केलेला शोधक बोकड फिरविला तरी काम होते. दोन्ही ठिकाणी बोकडच लागतो, हे खरे. पण पहिल्या ठिकाणी तो चालना देणारा म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी साक्षीदार म्हणून. पहिल्यात तो आधी दूर ठेवलेला, निदान अनोळखी, असावा लागतो. दुसऱ्यात तो ओळखीचा असला तरी चालतो.

हा निवाडा करणे अवघडही नाही. सुमारे दहा दिवसांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन प्रोजेस्टेरॉन मोजावे. दोन्ही वेळा ते अल्प आढळले तर अंडाशय निष्क्रिय असल्याचा संभव मोठा. एकदा जरी ते उंचावलेले आढळले आणि शेळी गाभण नसली, तर चक्र चालू आहे आणि दोष दृष्टीचा आहे. बारामती-इंदापूरच्या बागायत व जिरायत वस्त्यांतून, बोकड असलेली आणि नसलेली घरे निवडून, अशी पाहणी एका वर्षात पुरी होऊ शकते. तुलनेच्या गटातील शेळ्यांनाही तेवढेच हाताळावे, त्यांचे वजन व कृशता नोंदवावी, आणि माजाची नोंद करणाऱ्याला रक्तपरीक्षेचा निकाल आधी कळू देऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे. त्यातून नराच्या अभावाने किती माज येत नाहीत आणि किती केवळ दिसत नाहीत, ह्याची वाटणी प्रथमच ह्या प्रदेशापुरती हाती येईल.

नर-सान्निध्याविषयीचे संशोधन हे प्रजननशास्त्राचे एक मोलाचे धन आहे. मादीचे शरीर बाह्य जगाकडे पाठ फिरवून आपल्याच घड्याळाने चालत नाही. गंध, नाद, दर्शन, स्पर्श आणि परिचय ह्यांचा हिशेब ते ठेवीत असते, हे त्याने सिद्ध केले. पण ह्या शोधाचे नाव नराच्या नावावर लागल्याने दोन गोष्टी दृष्टीआड झाल्या. एक, प्रतिसाद द्यावयाचा की नाही हे मादीची अवस्था ठरविते; दोन, आपण पाहिले नाही म्हणून घडले नाही असे होत नाही. कोंडवाड्यातील डुकरिणीवरून दारातील शेळीविषयी बोलू पाहणाऱ्या अभ्यासकाने ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवून मगच पुढचे पाऊल टाकावे. माज आला नाही आणि माज दिसला नाही, ह्या दोन वाक्यांतील अंतर शेळीवाल्या घराला २१ दिवसांचे पडते.